वाऱ्यात टिकेल असा स्टँड

सुमन वझे यांच्याबद्दल आमच्याकडे कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. बाई व्हायोलिन छान वाजवायच्या, पण फार रागीट. हे ऐकलं की मलाच संताप येतो. बाई कशावर रागावल्या होत्या, हे यांच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही. मी तिथे होते, म्हणून सांगते.

मी मेघना. लग्न होऊन साताऱ्याहून विरारला आले, बोळिंजला फ्लॅट घेतला आणि नोकरी सांभाळून एका वाद्यवृंदात गायला लागले. सत्त्याण्णव सालची गोष्ट. नालासोपाऱ्याच्या प्रल्हाद सामंतांचा तो ग्रुप. गणपती, नवरात्र, लग्नाचे स्वागत समारंभ, पतपेढ्यांची स्नेहसंमेलनं असे कार्यक्रम आम्ही करायचो. डहाणू, पालघर, नाशिक, कधी थेट रत्नागिरी. प्रल्हादभाऊ कीबोर्ड वाजवायचे आणि निवेदनही तेच करायचे. सुमनताई आणि ॲन्सेल्म हे आमचे दोन व्हायोलिनवादक.

सुमनताईंचं माहेर समुद्रकाठच्या भुईगावचं, सासर जवळच्याच गासचं. सासरी केळीची आणि मोगऱ्याची वाडी होती. नवरा हरिश्चंद्र वाडी बघायचा, फुलांचा व्यवहार ताईंकडे. भुईगावात त्यांच्या शेजारी सेबॅस्टियन सर राहायचे. सर चर्चच्या कॉयरचे मास्तर. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर गावातली मुलं व्हायोलिन शिकायला बसत, आणि कोण कुठल्या देवाला जातं हे सर कधी विचारत नसत. सुमनताई आणि ॲन्सेल्म तिथलेच, एका वेळचे विद्यार्थी. दोघांनाही कागदावरचं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, बघून वाजवायची सवय होती. आमच्या ग्रुपला त्याचा केवढा फायदा होता, हे प्रल्हादभाऊंना चांगलं माहीत होतं. गायकाचा गळा बसला की ते दुपारी पट्टी बदलायचे आणि दोन कडव्यांमधलं संगीतही फिरवायचे. मग बसमध्ये मांडीवर कागद घेऊन सुमनताई सगळं नव्याने उतरवून काढायच्या. रात्रीचा कार्यक्रम त्या कागदांवर निभायचा.

आणि ते कागद ठेवायला मात्र काही नव्हतं.

खरंच काही नव्हतं. समोर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायची, तिच्यावर कागद पसरायचे, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवायचे आणि दोघांनी मिळून त्यातच डोळे घालायचे. व्हायोलिन हनुवटीखाली असताना खाली खुर्चीवरचं वाचायचं म्हणजे मान एका बाजूला मुरगळून खाली घालावी लागते. एखादं गाणं नव्हे, अख्खा कार्यक्रम तसा. सुमनताईंची मान आखडायला लागली. पुढे डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, मान खाली घालून वाजवणं थांबवा, नाहीतर वाजवणंच थांबेल.

ताई प्रल्हादभाऊंकडे गेल्या तेव्हा मी बरोबर होते.

"भाऊ, दोन नोटेशन स्टँड घ्या. घडीचे मिळतात. बसमध्ये कुठेही मावतील."

"ताई, पाठ करा ना. लोकांना वाटलं पाहिजे की आतून येतंय."

"पट्टी तुम्ही दुपारी बदलता. पाठ कधी करू?"

"बघू, बघू. पुढच्या सीझनला."

पुढच्या सीझनला पुरुषांना चकचकीत निळे कोट आले. त्याच्या पुढच्या सीझनला धूर सोडायचं यंत्र आलं. प्रल्हादभाऊंच्या स्वतःच्या कीबोर्डला एक लोखंडी कमान जोडलेली होती आणि तिच्यावर गाण्यांच्या शब्दांची जाडजूड फाइल उघडी असायची. त्यांना पाठ करायला कुणी सांगितलं नाही.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात भुईगावला समुद्राजवळच्या मैदानात कार्यक्रम होता. ताईंच्या माहेरी. पुढच्या रांगेत त्यांची आई, भाऊ, वहिनी, शेजारच्या रेजिनाबाय, आणि काठी टेकत आलेले सेबॅस्टियन सर. संध्याकाळ झाली तसा सुरूच्या झाडांतून वारा सुटला. ताईंनी आधीच सांगितलं होतं, की इथे कागद राहणार नाहीत, निदान मागे पडदा तरी बांधा. बांधला नाही. चौथं-पाचवं गाणं चालू असताना खुर्ची कलंडली. चिमट्यांसकट कागद उडाले, काही ढोलकीवर, काही थेट प्रेक्षकांत. ॲन्सेल्म वाजवायचा थांबला. ताई आठवेल तसं पुढे वाजवत राहिल्या आणि एका जागी त्यांचा सूर चुकला.

गाणं संपलं आणि प्रल्हादभाऊंनी माइक घेतला.

"मंडळी, आमच्या ताईंचे कागद उडाले. बायकांचं असंच असतं बघा, सगळं कागदावर. डोक्यात काही राहत नाही."

लोक हसले. मैदानभर हसले. मी स्टेजवर उभी होते आणि मला समोर ताईंच्या आईचा चेहरा दिसत होता. तिला विनोद कळला नव्हता, पण आपल्या मुलीला हसताहेत हे कळलं होतं.

सुमनताईंनी गज सैल केला, व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या आणि जिन्याने खाली उतरून आईशेजारी जाऊन बसल्या. कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या, पेटी मांडीवर घेऊन. चेहरा इतका ताठ, की शेजारच्या बाईने त्यांच्याकडे बघायचंही टाळलं.

दोन दिवसांनी प्रल्हादभाऊंनी ताईंना घरी बोलावून घेतलं. ॲन्सेल्म होता, मी होते.

"चालू कार्यक्रमातून उठून जाणं मला चालणार नाही," भाऊ म्हणाले. "माफी मागा, विषय संपला."

"माफी तुम्ही मागायची. माझ्या आईची."

"अहो ताई, स्टेजवर थोडी गंमत करावीच लागते."

"मग स्वतःची करा."

भाऊंनी ॲन्सेल्मकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचा स्वभावच तसा, भांडण दिसलं की तो तिथून मनाने उठून जायचा. शेवटी भाऊच म्हणाले, "बरं, राहिलं. आता काय करायचंय तुम्हाला?"

"स्टँड मी आणते," ताई म्हणाल्या. "माझा मी. मला तुमच्याकडून काही नको. पण यापुढे माझ्या मानेवर किंवा डोक्यावर एक शब्द बोललात तर मी तिथल्या तिथे माइक घेऊन उत्तर देईन."

मला वाटलं होतं, त्या ग्रुप सोडतील. बाहेर आल्यावर मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "का सोडू? ही गाणी मी बांधलीत."

शनिवारी माझं मुंबईचं ऑफिस लवकर सुटलं. ताई आणि ॲन्सेल्म स्टँड घ्यायला तिथे आले होते. आम्ही तिघं वाद्यांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस ॲन्सेल्मकडे बघून म्हणाला, "बोला साहेब."

"मला स्टँड हवाय," ताई म्हणाल्या. "घडीचा. प्रवासात नेण्यासारखा."

"साहेब, व्हायोलिनसाठी की गिटारसाठी?"

"माझ्याशी बोला," ताई म्हणाल्या. "स्टँड मला हवाय."

त्याने एक स्टँड काढला. छत्रीसारखा छोटा, हलका, चंदेरी, वर गुलाबी पिशवी. "लेडीज लोक हाच घेतात. वजनच नाही."

ताईंनी तो उघडला. पाय पसरले, दांडी वर ओढली, वरची जाळी फाकवली. उंच करत गेल्या तर दांडी त्यांच्या गळ्यापर्यंत येऊन संपली. त्यांनी आपल्या पिशवीतली वही वर ठेवली. जाळी हळूहळू मान टाकत पुढे झुकली. सगळे स्क्रू प्लास्टिकचे होते. ताईंनी एक पिळला तर तो जागच्या जागी फिरतच राहिला.

"घरात वाजवायला चांगला आहे हा," दुकानदार म्हणाला.

"मी घरात वाजवत नाही."

मग त्याने दुसऱ्या टोकाचा काढला. काळा, जाड पत्र्याच्या सलग फळीचा, मोठ्या हॉलमध्ये असतो तसा. हलता हलेना. पण त्याची घडीच होत नव्हती, आणि उचलायला ॲन्सेल्मलाही दोन हात लागले. बस गावाबाहेर थांबते, तिथून बांधावरून, शाळेच्या पटांगणातून, कधी तीन जिने चढून, एका हातात व्हायोलिन घेऊन हे कोण नेणार? ताईंनी मान हलवली. "मधला काही असेल ना. नीट शोधा."

तो नाखुशीने माळ्यावर चढला. खाली आणलेला स्टँड धुळीने माखलेला होता. लोखंडी पाय, बऱ्यापैकी फाकणारे. दांडी दोन टप्प्यांत वर येणारी. वरची जाळी पट्ट्यांची, पण पट्ट्या रुंद. स्क्रू पितळी. कागद धरायला दोन्ही बाजूंना लवचिक तारेचे चाप. वजन हाताला जाणवत होतं, पण खांद्याला पिशवीत अडकवून चालता येईल इतकंच. ताईंनी तो उभा केला आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. खांदे सैल सोडले, हनुवटी व्हायोलिनवर ठेवावी तशी वळवली. कागद बरोबर डोळ्यांसमोर. त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. इतकी साधी गोष्ट, आणि त्यासाठी या बाईची मान गेली होती. मला त्या दुकानात उभ्या उभ्या प्रल्हाद सामंतांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"तो पंखा इकडे फिरवा," ताई कोपऱ्यातल्या टेबलफॅनकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"काय?"

"पंखा. पूर्ण वेगात. स्टँडवर."

दुकानदार हसायला लागला आणि पुन्हा ॲन्सेल्मकडे वळला. "साहेब, मॅडमना सांगा, असं कुणी करत नाही."

आणि त्या दिवशी ॲन्सेल्मने पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्या म्हणतायत ना, फिरवा. आम्ही समुद्राजवळ राहतो."

पंखा फिरवला. गुलाबी पिशवीवाला आधी लावला होता, तो क्षणात आडवा. लोखंडी पायांचा थरथरला, जाळी किणकिणली, पण उभा राहिला. कागदांची टोकं फडफडली, चाप सुटले नाहीत. ताईंनी स्वतःची पर्स दांडीला खाली, पायांच्या जोडाजवळ अडकवली. मग तर तो थरथरायचाही थांबला.

"जिथे जाऊ तिथे वाळूची पिशवी करून लावू," ॲन्सेल्म म्हणाला. "मलाही एक द्या."

दुसरा माळ्यावर नव्हता. त्याच्यासाठी मागवायला सांगून आम्ही निघालो.

पुढचे दोन-तीन महिने बरे गेले. पाय उघडायचे, दांडी चढवायची, जाळी फाकवायची, कागद चापात घालायचे. आम्ही साउंड लावेपर्यंत ताई तयार असायच्या. ॲन्सेल्म त्यांच्याच स्टँडवर बघून वाजवायचा. मुंग्या गेल्या नाहीत, पण ताई सरळ उभ्या राहून वाजवू लागल्या, आणि सूर किती मोकळा झाला हे माझ्यासारख्या गाणाऱ्या बाईला लगेच कळत होतं.  प्रल्हादभाऊ बघत होते.

मग पालघरचा कार्यक्रम आला. त्या दिवशी हर्षवर्धन नावाचा एक पाहुणा गायक होता. जरा नाव झालेला, आणि गाणी पाठ नसलेला. पडदा उघडायला थोडा वेळ होता. ताई कपडे बदलून स्टेजवर आल्या तर त्यांच्या जागी पुन्हा खुर्ची, खुर्चीवर त्यांचे कागद, आणि चिमटे. त्यांचा स्टँड पुढे, मधोमध, हर्षवर्धनच्या माइकसमोर.

"हा माझा आहे," ताई म्हणाल्या.

प्रल्हादभाऊ कीबोर्डमागून म्हणाले, "ताई, आजच्या दिवस. पाहुणे आहेत. ग्रुपमध्ये माझं-तुझं नसतं."

"तुमच्या कीबोर्डची कमान द्या त्यांना."

"मग मी शब्द कशावर ठेवू?"

"पाठ करा."

साउंडवाला हसला. भाऊंचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात वर केला आणि पडदा ओढणाऱ्याला खूण केली. त्यांना वाटलं, पडदा उघडला की बाई गप्प बसेल. लोकांसमोर काय करणार आहे.

पडदा उघडला. टाळ्या सुरू झाल्या. आणि त्या टाळ्यांमध्ये सुमनताई सरळ चालत पुढे आल्या. हर्षवर्धनचे कागद काढून त्याच्या हातात दिले, "तुमची काही चूक नाही" असं त्याला हळूच म्हणाल्या, स्टँड उचलला आणि आपल्या जागी नेऊन ठेवला. जाळी थोडी वर केली. स्क्रू आवळला. कागद चापात घातले. प्रेक्षक बघत होते, टाळ्या विरत गेल्या. त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि प्रल्हादभाऊंकडे पाहिलं, सुरू करा म्हणून.

त्या रात्री त्यांनी जसं वाजवलं, तसं वाजवताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. एकही सूर गोड करायचा प्रयत्न नव्हता त्यात.

 पुढच्या रविवारी आम्ही नाशिकला निघालो. बस बोळिंजला मला घ्यायची, मग नालासोपाऱ्याला बाकीच्यांना, आणि गासच्या नाक्यावर ताईंना. ताई नाक्यावर उभ्या होत्या. हिरवी साडी, एका हातात व्हायोलिन, खांद्याला स्टँडची पिशवी. बस जवळ आली, त्यांनी हात केला. बस थांबली नाही.

मी ओरडले, "अहो, ताई राहिल्या."

भाऊ पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाले, "राहू दे. त्यांच्या जागी कॅसेट लावू. व्हायोलिनचं काम कॅसेटवर होतं आजकाल."

काचेतून मी बघितलं. ताई हात खाली न घेता बसच्या मागे बघत होत्या. रस्त्याच्या कडेला सकाळची भाजीवाली बाई, दोन रिक्षावाले, सगळे त्यांच्याकडे बघत होते. एवढं वाईट कुणाशी वागायचं असेल तर निदान तोंडावर सांगावं. तेवढीही लायकी नव्हती त्या माणसाची.

आणि ॲन्सेल्म उठला. दोन सीटमधून वाट काढत ड्रायव्हरपर्यंत गेला. "थांबव."

"ॲन्सेल्म, बस खाली," भाऊ म्हणाले.

"थांबव म्हणतोय ना मी." आवाज चढलेला नव्हता, पण ड्रायव्हरने ब्रेक दाबला. ॲन्सेल्म व्हायोलिन घेऊन उतरला. मीही उतरले. मला त्या दिवशी तीन गाणी होती. ती कोण गाणार, याची मला अजिबात पर्वा वाटली नाही.

नाक्यापर्यंत आम्ही चालत मागे आलो. ताई रडत असतील असं मला वाटत होतं. त्या रडत नव्हत्या. त्या संतापलेल्या होत्या.

ॲन्सेल्मला म्हणाल्या, "आज उतरलास. भुईगावला काय झालं होतं तुला?"

"घाबरलो होतो," तो म्हणाला.

"चांगलं नाही केलंस."

"नाही केलं."

त्यांनी त्याला माफ केलं नाही तिथे, आणि त्यानेही माफी मागितली नाही. दोघं त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले, मला अर्धंच कळलं. मग आम्ही तिघं वाडीवर गेलो. हरिश्चंद्रने काय झालं ते ऐकलं, पाण्याचा पंप बंद केला आणि चहा टाकला. भुईगावच्या त्या रात्रीनंतर त्याने ताईंना ग्रुप सोड म्हणून एकदाही म्हटलं नव्हतं. आताही एवढंच म्हणाला, "इथे अंगणात वाजवा. मला ऐकायचंय."

हळूहळू त्या अंगणातून आमचा लहानसा संच उभा राहिला. सुमनताई, ॲन्सेल्म, चेलो वाजवणारी त्याची पुतणी सेलिन, तबल्यावर विरारचा जितेश आणि गायला मी. चर्चमधली लग्नं, वाडीतल्या मुंजी, बोळिंजच्या सोसायट्यांची संमेलनं. कॅसेटवरची आणि मग सीडीवरची साथ रुळल्यावर मोठे वाद्यवृंद बंद पडत गेले, तसे आम्हीही अधूनमधून रिकामे राहिलो. ताईंची मान पूर्ण बरी झालीच नाही. दोन हजार तीननंतर त्यांना लांब कार्यक्रम वाजवता येईना. सेलिन पुढे वाजवायची, ताई मागे उभ्या राहून खुणा करायच्या. हे त्यांना फार लागलं. "वेळेवर दोन काठ्या आणि एक जाळी दिली असती तर आज मी वाजवत असते," असं त्या म्हणायच्या, आणि दर वेळी आवाज तितकाच कडक असायचा. काळाने राग निवतो असं लोक म्हणतात. त्यांचा निवला नाही, आणि का निवावा, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

प्रल्हाद सामंतांच्या साठीला त्यांच्या मुलीचा, ज्ञानदाचा, फोन आला. जुने सगळे कलाकार एकत्र वाजवणार आहेत, या. ताईंनी विचारलं, "बाबांनी सांगितलंय का फोन करायला?" ती म्हणाली, "त्यांना सरप्राइज आहे." ताई म्हणाल्या, "मग त्यांना आधी विचार. आणि नाक्यावर बस का थांबली नव्हती तेही विचार." फोन पुन्हा आला नाही.

मागच्या वर्षी डहाणूला एका लग्नात आम्हाला जेवणाच्या टेबलांमागे, भांडी धुण्याच्या नळाजवळ जागा दिली. बायका आहेत, आडोशाला बऱ्या, असं हॉलचा मॅनेजर म्हणाला. मी, सेलिन, जितेश एकमेकांकडे बघत होतो. ताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांच्याहून चांगला हातभर उंच होता.

"आम्ही कुठे बसणार?" त्यांनी विचारलं.

"इथेच, मॅडम. आता बदलता येणार नाही."

"मग मुलीच्या वडिलांना बोलवा. आम्ही का परत चाललोय ते मी त्यांना सांगते."

 वेटरांना हाक मारून मॅनेजर स्टेजजवळचं आइस्क्रीमचं टेबल दुसरीकडे हलवायला लागला. ताई कमरेवर हात ठेवून ते सगळं हलेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग सेलिनला म्हणाल्या, "चल, खुर्च्या घे. आधी तार लाव."